बर्फगाडीचं तिसरं बेअरिंग

शारजाच्या औद्योगिक भागात मुनीर सरखोत हे नाव बेअरिंगवाले म्हणून ठाऊक नाही असा मेकॅनिक सापडायचा नाही. माणूस हर्णैचा, वय अठ्ठावन्न, आणि त्यातली एकतीस वर्षं अंबादासशेठच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून काढलेली. तिथली पद्धत अगदी साधी. गिऱ्हाईक जुनं बेअरिंग फडक्यात गुंडाळून आणणार, काउंटरवर आपटणार. मुनीरभाई ते बोटांवर घेऊन एकदा फिरवणार आणि मागे वळून नेमक्या खोक्याला हात घालणार. नंबर पुसलेला असो, अर्धं फुटलेलं असो, साईज जुळली की खलास! "माझ्या हातून गेलेला माल परत येत नाही," असं ते छाती पुढे काढून सांगायचे. आणि खरंच येत नव्हता हो. त्या एका वाक्यावर माणूस जगत होता.

मग ती बर्फगाडी उपटली.

दुबईच्या वेशीवर नवीन बर्फघर झालं होतं. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत उणे चार. लोक भाड्याची जॅकेटं घालून घसरायला जातात. आता वाळवंटात घसरायची हौस कुणाला असावी, पण आहे बाबा लोकांना! घसरून पडलेल्यांना खाली आणायला तिथं एक स्नोमोबाइल होती, पुढे दोन फळ्या आणि मागे फिरणारा रबरी पट्टा असलेली. तो पट्टा फिरवणाऱ्या ॲक्सलच्या दोन्ही टोकांची बेअरिंगं गेली, आणि तिथली इंजिनिअर अनुराधा त्यांचे तुकडे घेऊन दुकानात आली. मुनीरभाईंनी तुकडे जुळवले, साईज घेतली आणि इथल्या हवेला चालणारा उत्तम माल काढून दिला. बाजूंना पत्र्याची झाकणं, आत कडक उन्हातही न वितळणारं ग्रीस. वाळवंटात रबर कडक होतं, पत्रा टिकतो, हे तर त्यांच्या हाडात मुरलेलं.

महिन्याभरात बेअरिंगं जाम होऊन परत आली. "लॉट खराब असेल, मॅडम," म्हणून त्यांनी तसलीच दुसरी दिली, जुनं उघडूनसुद्धा पाहिलं नाही. घमेंड, दुसरं काय! ती तीन आठवड्यांत गेली.

आणि एका सकाळी, दुकानात पाऊल ठेवायला जागा नसताना, अनुराधानं दोन्ही बेअरिंगं काउंटरवर आपटली. "ये डुप्लिकेट माल है! मेरा आदमी ऊपर मरीज लेके आधे में अटक गया!"

डुप्लिकेट! त्या बाजारात याहून वाईट शिवी नाही. पठाण, मल्याळी, बंगाली, सगळे वळून बघायला लागले. संध्याकाळी अंबादासशेठनी त्यांना आत बोलावलं. "मुनीरभाई, थोडे दिवस गोडाऊन बघा. काउंटरवर दुसरा माणूस बसवतो. लोक बोलतात, काय करणार?"

एकतीस वर्षांनी गोडाऊन. घरी येऊन मुनीरभाई जेवलेच नाहीत. बायको बानू ताट झाकत म्हणाली, "अहो, एवढं उघडून तरी बघा त्याला. बेअरिंगवर रुसून काय होणार?"

मग त्यांनी स्वयंपाकघरातच पेपर अंथरला आणि पिनेनं पत्र्याचं झाकण उचकटलं. आतलं ग्रीस दुधाळ झालं होतं, आणि गोळ्यांवर तांबडा गंज. म्हणजे पाणी! माल अस्सल होता, आत पाणी शिरलं होतं. पण कुठून? उणे चारमधला बर्फ तर पिठासारखा कोरडा.

"मशीन बघितलंय तुम्ही?" बानूनं विचारलं.

नव्हतं बघितलं. एकतीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाचं मशीन बघायला ते गेले नव्हते. कशाला जाणार, साईज काउंटरवर येतच होती की!

सुट्टीच्या दिवशी ते बर्फघरात गेले. अनुराधा आधी तोंड फिरवूनच उभी राहिली, पण म्हातारा माणूस ऑगस्टच्या उन्हात बस बदलत आलाय म्हटल्यावर तिनं एक जॅकेट पुढे केलं. मुनीरभाईंनी आयुष्यात बर्फ पाहिला तो मासळीवरचा. दोन तास ते गाडीच्या मागेमागे फिरले, दात वाजत होते, पण पाण्याचा एक थेंब सापडला नाही.

पाच वाजता ड्रायव्हरनं गाडी मागच्या दारानं बाहेर काढली. "रोज धुवायला शेडमध्ये नेतो," अनुराधा म्हणाली. मुनीरभाई मागोमाग बाहेर पडले आणि त्यांना काही दिसेनाच. चष्मा पांढरा! उन्हाळ्यात एसीतून बाहेर पडल्यावर इथं सगळ्यांचाच होतो, नवल ते काय. त्यांनी सदऱ्याच्या टोकानं काचा पुसल्या, डोळ्यांवर चढवल्या, आणि गाडीकडे बघून त्यांच्या अंगावर काटा आला.

गाडीला दरदरून घाम फुटला होता. फळ्या, हँडल, इंजिनाची ताकद ॲक्सलला पोचवणारी साखळीची पेटी, सगळं निथळत होतं.

"मॅडम! बेटा! हे बघ!" ते ओरडलेच. "थंड लोखंड दमट हवेत आलं की बाहेरून भिजतं, तसंच आतूनही भिजतं. पत्र्याच्या झाकणाला फट असते, तिथून रोज दमट हवा आत, आणि रात्री परत उणे चारमध्ये! मी उन्हासाठी बेअरिंग दिलं, ऊन तर याला लागतच नाही. माझीच चूक, पण माल अस्सल आहे!"

अनुराधानं ॲक्सलवर बोट फिरवलं. बोट ओलं झालं. ते जॅकेटला पुसत ती म्हणाली, "चाचा, एक शेवटचा चान्स, नव्वद दिवसांचा. इन्शाल्ला चालू दे."

या वेळी मुनीरभाईंनी साईजवर भागवलं नाही. गोडाऊनमध्ये दोन दिवस खोकी उपसली. दोन्हीकडून घट्ट चिकटणारं रबरी सील हवं, ग्रीस पाण्यानं न धुपणारं आणि थंडीत न आखडणारं हवं. साखळीच्या पेटीकडच्या बेअरिंगचं आतल्या बाजूचं सील मात्र त्यांनी स्वतः काढून टाकलं, म्हणजे पेटीतलं तेल त्याला न्हाऊ घालेल. आणि वर ताकीद: "गाडी बाहेर आणायची नाही. जे झाडायचं-पुसायचं ते आतल्या थंड खोलीत."

मग नव्वद दिवस. गोडाऊनमध्ये फोन वाजला की मुनीरभाई हातातलं खोकं टाकून धावायचे. तिकडे गाडी रोज वर जायची, रोज खाली यायची.

नव्वदाव्या दिवशी अनुराधानं ॲक्सल उतरवला आणि मुनीरभाईंना बोलावून घेतलं. त्यांनी बेअरिंग बोटांवर घेतलं, फिरवलं, कानाशी नेलं. ना खरखर, ना खडखड. लोण्यासारखं फिरत होतं! त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"मी शेठना ईमेल करते, माल ओरिजिनल आहे म्हणून," अनुराधा म्हणाली.

"नको बेटा. ईमेल कोण वाचतं? तू बोलली होतीस ती दुकानात, सगळ्यांसमोर."

दुसऱ्या दिवशी, ऐन गर्दीच्या वेळी, गोडाऊनमधून मुनीरभाईंना सोबत घेऊन ती दुकानात उभी राहिली आणि हात वर करून त्याच आवाजात बोलली, "सुनो सब लोग! उस दिन मैंने झूठ बोला था. माल असली था. और ये आदमी भी!"

कोपऱ्यातला पठाण ड्रायव्हर गरजला, "हमको तो पहले से मालूम था!" आणि एकच हशा पिकला. अंबादासशेठ खुर्चीतून उठले. त्यांनी काउंटरची फळी स्वतःच्या हातानं वर उचलून धरली.

मुनीरभाई त्या फळीखालून आत गेले, तेही मान न वाकवता.