दोन बोटं कापलेला दस्ता

सुचित्राबाई रडल्या नाहीत, ही गोष्ट जुईनगरच्या त्या सोसायटीत चांगलीच गाजली. पाठचा भाऊ अभिराम बसल्या जागी गेला, आणि तेराव्याला बाई स्वतः खीर ढवळत उभ्या. "दगड आहे हो," जिन्यात कुजबुज झाली. मारणाऱ्याचा हात धरता येतो, बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार! पण खरं सांगायचं तर बाईंनाही तसंच वाटत होतं. आत काही हलतच नव्हतं.

अभिरामने लग्न केलं नव्हतं. मागे राहिल्या दोन बंदुका. वडिलांच्या, भाऊसाहेब गुप्त्यांच्या. हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या फोडण्यात भाऊसाहेबांचा हात धरणारा कोणी नव्हता. विलायती दुनळी, जोडीनेच घडवलेल्या, नळीवर सोन्यात कोरलेला एक आणि दोन. परवानेवालाच गेला म्हटल्यावर त्या वाशीत धनाजीशेठच्या बंदुकीच्या दुकानात जमा झाल्या. शेठनी गिऱ्हाईकही गाठलं, शौकीन माणूस. त्याची अट एकच: जोडी एकत्र हवी आणि बंदुका कोणाकोणाच्या हातातून गेल्या ते सगळं लेखी हवं.

हे काम बाईंच्या हातचं. टपालखात्यात तीस वर्षं चुकलेली पाकिटं शोधण्यात गेलेली. त्यांनी विलायतेच्या कारखान्याला पत्र टाकलं, जुने परवाने लावले, आणि मालकांची साखळी जुळली. १९१२ साली एका चहामळेवाल्यासाठी घडवल्या. मग एका संस्थानचे दिवाण, मग एक पारशी ठेकेदार, १९६३ साली भाऊसाहेब, शेवटी अभिराम. बाईंनी हे सगळं वाण्याची यादी लिहावी तसं लिहून काढलं.

घोडं अडलं एकाच ठिकाणी. दोन नंबरचा लाकडी दस्ता एक नंबरपेक्षा दोन बोटं आखूड होता. कोणीतरी कापलेला. गिऱ्हाईक विचारत होतं, कोणी कापला, कोणासाठी? तोवर सौदा बंद.

"अभ्यानेच वाट लावली असणार," बाई म्हणाल्या. अभ्या लहानपणापासूनच धांदरट. कॉलेजात बाईंची एनसीसीची खाकी जर्सी हरवली, तेव्हाही त्यांनी त्यालाच धरलं होतं, आणि तो नुसता हसला होता. बंदुकीतही तेच. भाऊसाहेबांनी त्याला दोन नंबर दिली आणि राज्याच्या निवडीत पठ्ठ्याने पंचवीसपैकी चौदा तबकड्या सोडल्या. पुन्हा मैदानात गेला नाही. "आमच्या अभ्याचा नेम म्हणजे ढगात गोळी!" चाळीस भाऊबिजांना बाईंनी त्याला हेच ऐकवलं. तो लाडू खात हसायचा.

नेम होता तो बाईंचा. कॉलेजच्या नेमबाजीच्या स्पर्धा जिंकून आल्यावर त्यांनी वडिलांकडे बंदूक मागितली होती. भाऊसाहेब म्हणाले, "बघू." आता वडील 'बघू' म्हणाले की काय समजायचं ते घरोघरच्या पोरींना ठाऊक असतं. पुढे महिन्याभरात बाईंनी मधुकरशी जातीबाहेर लग्न केलं, आणि भाऊसाहेबांनी मरेपर्यंत त्यांचं तोंड पाहिलं नाही.

शेवटी धनाजीशेठनी कोपरखैरण्याहून भगवान मिस्त्रीला बोलावलं. दस्त्यांच्या कामात हयात गेलेला म्हातारा. त्याने दोन नंबर मांडीवर घेतली, काठावरून अंगठा फिरवला.

"ही मीच कापलीय."

"अभिरामने सांगितलं ना?" बाईंनी पेन उघडलं.

"नाय ओ. भाऊसाहेबांनी." त्याने दस्त्यामागची पट्टी दोन स्क्रू काढून उचलली. खालच्या कोऱ्या लाकडावर पेन्सिलीने लिहिलं होतं: सुचित्रा, डिसेंबर ८१. "दस्ता हाताच्या मापाने कापतात, ताई. साहेब मापाला खाकी जर्सी घेऊन आलेले. म्हणाले, पोरीला बोलू नको, वाढदिवसाला द्यायचीय."

बाईंचं पेन तसंच उघडं राहिलं.

"मग अभिरामभाऊ घेऊन आले, निवडीत हरल्यावर. मी म्हटलं, भाऊ, तुमी सहा फुटी माणूस, आखूड बंदुकीने नेम चुकणारच. लाकूड जोडतो, अर्ध्या दिवसाचं काम. मला म्हणाले, नको मिस्त्री. ताईची आहे. येईल ती कधीतरी."

चाळीस भाऊबिजा. चाळीस वेळा ढगात गोळी. आणि तो लाडू खात बसला होता, मेला, एक शब्द बोलला नाही!

मिस्त्रीने पट्टी परत बसवली आणि बंदूक बाईंपुढे धरली. चौसष्टाव्या वर्षी त्यांनी ती पहिल्यांदा खांद्याला लावली. गाल आपोआप लाकडावर टेकला, बोट आपसूक जागेवर गेलं. कुठे म्हणून खुपलं नाही.

त्यांनी ती खाली ठेवली आणि कागद ओढला. 'क्रमांक दोन' पुढे लिहिलं: १९८१ पासून सुचित्रा. तिने एकदाही वापरली नाही.

"शेठ, जोडी विकायची नाही. वारसाच्या परवान्याचा अर्ज काढा."

"काढतो. पण ताई, चाळीस वर्षं ती अभिरामसाहेबांकडे होती. त्यांचं नाव कुठे घालू?"

"राखणदार म्हणून घाला," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला.