अण्णा मिस्त्रींची चार भोकं

परभणीच्या अण्णा मिस्त्रींचा मोजपट्टीवर विश्वास नव्हता. दोन वस्तू एकमेकींना जोडायच्या असतील तर दोन्ही समोर हव्यात. एकीवर दुसरी ठेवून भोक पाडायचं, हा त्यांचा नियम. "पट्टी खोटं बोलती. लोखंड न्हाई बोलत," असं ते म्हणत.

या नियमापायी गिऱ्हाइकांचे हाल होत. पोखर्णीचा एक शेतकरी दाराला कडी बसवायची म्हणून मापं लिहून घेऊन आला. अण्णांनी कागद परत केला. "ह्याला बसवू का कडी?" दुसऱ्या दिवशी तो बैलगाडीत दारच घालून आला. "घर उघडं टाकून आलोय, लवकर करा," म्हणाला. अण्णा म्हणाले, "घाई केली की भोक सरकतं."

नामांतराच्या आंदोलनाच्या दिवसांत ताडकळस रस्त्यावरच्या एका गावात गिरणीवाल्याने बौद्ध वस्तीचं दळण घेणं बंद केलं. घरोघर पुन्हा दगडी जाती फिरू लागली. वस्तीतल्या शांताबाईंनी जुनं इंजिन घेऊन स्वतःची गिरणी घालायला काढली. गवंड्याने काँक्रीटच्या पायात चार बोल्ट रोवले, तेही वाकडेतिकडे. त्यांवर बसवायची लोखंडी प्लेट अण्णांकडे आली. पाया काही परभणीला आणता येत नव्हता. एसटी बंद होती. अण्णांनी प्लेट सायकलला बांधली. मी तेव्हा वार्ताहर होतो; बातमीसाठी मीही त्याच गावी निघालो होतो. चढावर दोघांनी ढकलली.

बोल्टच्या टोकांना काजळी फासून अण्णांनी वरून प्लेट दाबली. खालच्या बाजूला चार काळे ठिपके उठले. प्लेट पालथी घालून त्यांनी ठिपक्यांवर हातड्रिल चालवलं. दुपार त्यातच गेली. मग चौघांनी प्लेट तशीच उचलून बोल्टवर ठेवली. दोन बसले, दोन बसेनात.

तोवर वस्ती गोळा झाली होती. जात्याने तळहात सोललेल्या बाया पुढे उभ्या होत्या.

"पाया सरकलाय," अण्णांनी जाहीर केलं.

"काँक्रीट हाय त्ये. म्हैस हाय का सरकायला?" एक म्हातारा म्हणाला.

अण्णांनी गवंड्याला नावं ठेवली, नंतर इंजिनालाही; ते अजून कोपऱ्यात पडून होतं.

शांताबाई वाकून बघत होत्या. "अण्णा, ठिपके खालच्या अंगाला व्हते न्हवं? आता वर दिसायलेत. उलथा की, भाकरीवानी."

प्लेट उलथली. चारही बोल्ट भोकांत शिरले.

"मला ठाव व्हतं," अण्णा म्हणाले. "कोनाच्या ध्यानात येतंय का, बघत व्हतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी इंजिन बसवलं आणि गिरणी सुरू झाली. पहिल्या पिठाच्या भाकरी थापून शांताबाई म्हणाल्या, "बसा, अण्णा." गावातलं कोणी वस्तीत जेवत नसे. अण्णांनी बसकण मारली, दोन भाकरी खाल्ल्या आणि तिसरी मागताना ठेच्यात मीठ कमी असल्याची तक्रार केली.

ही गोष्ट छापून आली नाही, तरी सगळीकडे पोचली. त्या गावातली जुनी गिऱ्हाइकं तुटली, ती अण्णा असेपर्यंत परतली नाहीत. कोणी कारण विचारलं की अण्णा सांगत, "भाकरी लय चांगली व्हती."