रिकाम्या घरातला गारवा

एसी मी बंद केले. सगळे. ज्या ज्या घराची किल्ली आमच्याकडे होती त्या प्रत्येक घरातले, आणि प्रत्येक दारावर चिठ्ठी चिकटवून, खाली स्वतःची सही ठोकून. म्हणजे कोणी केलं याचा तपास करायची कोणालाच गरज नव्हती. तरी तपास झाला. आपल्या लोकांना गुन्हेगार समोर उभा असला तरी चौकशी हवीच असते.

हे सौदीतल्या जुबैलजवळच्या एका कंपनी वसाहतीत घडलं, कुवेतवर फौजा चालून गेल्या त्या वर्षी. बाबा समुद्रकाठच्या वीज केंद्रात इंजिनिअर होते. मी पुण्यात बी.एस्सी. संपवून, पत्रकं लिहिणाऱ्या आणि चौकात वाटणाऱ्या एका गटात रमले होते. मुलगी हातची जाणार असं वाटून आईबाबांनी मला तिकडे बोलावून घेतलं. तिकडे मी म्हणजे बाबांच्या इकाम्यातली एक नोंद. वसाहतीबाहेर एकटी जाणार नाही, गाडी चालवणार नाही, पत्रक तर छापणारच नाही. इकामा म्हणजे राहण्याचा परवाना, आणि बाबांचा परवाना पुढच्या उन्हाळ्याआधी संपत होता. करार वाढवायचा तर शेजारच्या साहेबांची शिफारस लागायची. साहेबही आपल्यातलेच, बाबांच्या खात्याचे प्रमुख. आई मला रोज बजावायची, "तुझ्या एका वाक्यापायी बाबांचा इकामा जाईल हं. जीभ आवर."

वसाहतीत एक रीत होती. सुट्टीवर भारतात जाणाऱ्यांनी घराची किल्ली मागे राहणाऱ्यांकडे द्यायची आणि एसी चालूच ठेवून जायचं. होय, चालू. महिना-दीड महिना कुलूपबंद घरात एसी घुमत राहायचा, सोफ्यासाठी, कपाटातल्या पैठण्यांसाठी, लोणच्याच्या बरण्यांसाठी. किनाऱ्यावर उन्हाळ्यात हवा इतकी ओली की बंद घरात चपलांवरसुद्धा बुरशी धरते, हे खरं आहे. पण वीज फुकट होती, हे त्याहून खरं आहे. किल्लीवाल्याचं काम असं: तुळशीला पाणी घालायचं आणि आत डोकावून एसी चालू असल्याची खात्री करायची.

त्या वर्षी जुलैत सगळे सुट्टीवर गेले आणि ऑगस्टच्या आरंभी कुवेत इराकच्या घशात गेलं. बायकामुलं परत आलीच नाहीत. पुरुष परतले, त्यांना कंपनीने केंद्राजवळच्या बराकीत नेलं. साहेबांची मात्र पाठ धरली होती. ती मुंबईत धरली आणि युद्ध संपेपर्यंत सुटली नाही. आई बाबांना सोडून जायला तयार नव्हती, म्हणून आम्ही राहिलो, आणि अख्ख्या गल्लीच्या किल्ल्या आमच्या देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्यावर आल्या.

ऑगस्टमध्येच कुवेतकाका आले. बाबांचे कॉलेजातले मित्र, मूळ नाशिकचे, कुवेतच्या वीज केंद्रात नोकरीला. त्यांची बायको-मुलं नशिबाने आधीच नाशिकला पोचली होती. काका एका कुवेती सहकाऱ्याच्या गाडीतून वाळवंटातल्या कच्च्या वाटेने सीमा ओलांडून आले. अंगावरचे कपडे आणि एक पाण्याचा कॅन एवढंच सोबत. आमच्या केंद्राला माणसं हवीच होती, त्यांना तात्पुरता कागद मिळाला. ते आमच्या हॉलमध्ये झोपायचे आणि जेवताना कुवेतबद्दल बोलायचे.

"एवढासा देश," ते हात पसरून ताटाएवढं वर्तुळ दाखवायचे. "नदी नाही, धरण नाही, डोंगर नाही. तेल जाळायचं, वायू जाळायचा, वाफ करायची, तिच्यावर वीज. आणि त्याच वाफेवर समुद्र उकळून प्यायचं पाणी. आम्ही चूल विझवली तर तो देश संध्याकाळपर्यंत तहानेने मरेल."

"मग चूल जपून का नाही जाळत?" मी विचारलं.

"जपून कशाला? विहीर घरचीच आहे."

मग एकदा ते सहज म्हणाले, "माझ्या फ्लॅटमधला एसी चालूच राहिला गं. पळताना कोण बंद करतो? तसाही तिथे कोणी करत नाही."

आई हसली. म्हणाली, "म्हणजे आता सद्दामचे शिपाई गारव्यात झोपत असतील."

मला हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी किल्ल्या घेऊन फेरीला निघाले. साहेबांच्या घराचं दार उघडलं आणि अंगावर थंडगार हवा आली. आत कोणी नाही. पांढराशुभ्र सोफा, काचेच्या टेबलावर प्लास्टिकची फुलं. कुलूप लावून बाहेर आले, तर मुख्य रस्त्यावरून रणगाडे लादलेले ट्रक उत्तरेकडे चालले होते, एकामागून एक. मी तिथेच उभी राहून मनातल्या मनात पत्रक लिहिलं. आमच्या गटाचा नियम होता: पहिल्या ओळीत आरोप, दुसऱ्या ओळीत पुरावा, तिसऱ्या ओळीत मागणी, आणि कविता कुठेच नाही. माझा आरोप असा की जगभरच्या फौजा ज्या तेलासाठी इथे उतरल्या आहेत, ते तेल आपण रिकाम्या सोफ्याला वारा घालायला जाळतो.

पुण्यात आम्ही हरितगृह वायूंवर एक पत्रक काढलं होतं. तेव्हा तो शब्द ऐकून लोक विचारायचे, "हे नर्सरीचं काही आहे का?" आम्ही सांगायचो, तेल-कोळसा जाळला की जो वायू सुटतो तो दिसत नाही, वासही येत नाही, पण तो पृथ्वीवर गोधडीसारखा पसरतो. दरवर्षी गोधडीला एक थर वाढतो आणि आतली उष्णता बाहेर जात नाही. चौकातले लोक माना डोलवायचे आणि पत्रकाची पुडी करून त्यात फुटाणे घ्यायचे. आता मी त्या गोधडीच्या कारखान्यात राहत होते आणि सगळ्यांना थंडी वाजत होती.

ऑक्टोबर सरला, हवा कोरडी झाली. कुवेतकाकांना विचारलं. ते म्हणाले, "आता काही होत नाही. कपाटं उघडी ठेव, खिडक्या बोटभर उघड्या ठेव, हवा खेळू दे. बुरशी धरायची नाही." मी तसंच केलं. दारांवर चिठ्ठ्या लावल्या: 'या घरात कोणी नाही, म्हणून एसी बंद केला आहे.' आईने चिठ्ठी वाचली आणि डोक्याला हात लावला.

"कार्टे, सही कशाला केलीस?"

"निनावी पत्रक आम्ही काढत नाही."

"आम्ही म्हणजे कोण? इथे तू एकटी आहेस."

बाबा चष्मा पुसत राहिले.

जानेवारीत युद्ध पेटलं. सायरन वाजला की आम्ही चौघं मधल्या खोलीत, दाराच्या फटीला ओला टॉवेल, काचांना चिकटपट्टी. विषारी वायूची भीती, म्हणून खुद्द कंपनीचा हुकूम आला: सायरन झाला की एसी बंद, बाहेरची हवा आत ओढू नका. जे मी सांगितलं तर वेडेपणा, ते कंपनीने सांगितलं तर सुरक्षितता. समुद्रात तेलाचा तवंग पसरला, तो केंद्राच्या पाणी ओढणाऱ्या तोंडापर्यंत येऊ नये म्हणून बाबा आणि काका बराकीतच राहू लागले. या सगळ्यात मी शेजारघरांच्या उघड्या खिडक्यांचं विसरले.

आणि मग माघार घेणाऱ्या सद्दामच्या फौजेने कुवेतच्या तेलविहिरी पेटवल्या.

फेब्रुवारीच्या शेवटी युद्ध संपलं, धूर संपला नाही. वारा उत्तरेकडून आला की कुवेतचं आकाश आमच्याकडे यायचं. भर दुपारी गाड्या दिवे लावून चालायच्या. वाळत घातलेल्या चादरीवर काळे ठिपके, दह्यावर काळे ठिपके, नाकात काजळी. ती बोटभर उघड्या खिडक्यांतून शेजारच्या घरांत शिरली आणि जे पांढरं दिसेल त्यावर बसली. साहेबांच्या घरात सर्वांत पांढरं काय होतं, ते मी आधीच सांगितलं आहे.

एप्रिलमध्ये वसाहतीतली कुटुंबं परतली, साहेब आणि त्यांच्या पत्नी, काकूही. काकू सोफ्यासमोर उभ्या राहून रडल्या. मी बादली घेऊन गेले, साबणाने, मग व्हिनेगरने घासला. काळं गेलं, राखी राहिलं. मी काकूंची माफी मागितली, मनापासून. खिडक्या बंद करायला हव्या होत्या, ते माझं चुकलं. काकू म्हणाल्या, "जाऊ दे गं, सोफाच आहे." पण साहेब म्हणाले, "सोफ्याचा प्रश्न नाही. प्रिन्सिपलचा प्रश्न आहे. एसी चालू असता, खिडक्या बंद असत्या, तर हे झालं असतं? तुम्हाला चावी दिली होती, देशाचं धोरण ठरवायला नव्हतं सांगितलं." त्यांची अट अशी की चैत्रातल्या हळदीकुंकवाला सगळी वसाहत जमेल, तिथे मी कबूल करावं की एसी बंद करणं चूक होतं. मग विषय संपेल. बाबांच्या करारवाढीचा कागद त्यांच्या टेबलावर आहे, हेही ते सहज बोलून गेले. फार सहज.

आईने त्या दिवसांत माझ्याशी बोलणं सोडलं होतं, फक्त ताट वाढताना भांडी बोलायची.

हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी कुवेतकाका आले. ते केव्हाच परत गेले होते, अंधारात बुडालेल्या त्या ताटाएवढ्या देशाला पुन्हा वीज द्यायला. किराणा आणि औषधं घ्यायला सौदीतल्या खोबर शहरात आले, तसे आमच्याकडे वळले. कानांच्या पाळ्यांतही काजळी होती. जेवताना म्हणाले, "पोरी, तुझी फार आठवण आली. ऐक. एक यंत्र कसंबसं उभं केलं. एका वस्तीची लाइन जोडली, कारण त्या लाइनवर दवाखाना होता. बटण दाबलं आणि धाड! ट्रिप. लाइन आपोआप तुटली. पुन्हा जोडली, पुन्हा ट्रिप. कुठे बिघाड सापडेना. मग डोक्यात प्रकाश पडला. सगळी वस्ती रिकामी, लोक पळालेले, आणि प्रत्येक घरातला एसी ऑगस्टपासून चालूच! बटणं कोणी फिरवलीच नव्हती. लाइन जिवंत झाली की सगळे एकदम वीज ओढायचे आणि दवाखाना अंधारात. शेवटी आम्ही घरोघर हिंडलो. कुलपं तोडून रिकाम्या घरांतले एसी बंद केले. एक घर माझंच होतं."

आई भात वाढता वाढता थांबली. "मग दवाखान्यात वीज आली?"

"आली ना वहिनी. दिवसाच आली आणि दिवसाच लागली. वर धुराने रात्र झालेली."

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या हॉलमध्ये बायका आत, पुरुष बाहेर, मधलं दार उघडं. कैरीची डाळ, पन्हं, सोफ्यावर फुलाफुलांची चादर. साहेबांनी पन्ह्याचा ग्लास खाली ठेवला. "हं, क्रांतिकारक! काहीतरी बोलणार होतात ना तुम्ही?"

मी दारात उभी राहिले. बाबा समोरच्या खुर्चीत होते. मी आधी त्यांच्याकडे पाहिलं, कारण जाणार तो इकामा त्यांचा होता. त्यांनी मान खाली घातली नाही, एवढंच मला दिसलं.

"सोफा खराब झाला त्याबद्दल मी माफी मागितली आहे, पुन्हा मागते," मी म्हणाले. "एसीबद्दल मागणार नाही. ही काजळी दिसते म्हणून आपण सगळे सद्दामला शिव्या देतो, आणि द्यायलाच हव्यात. पण आपल्या चिमणीतून जो वायू जातो तो दिसत नाही, म्हणून तो नाही असं थोडंच आहे? त्यांनी तेल सूड म्हणून जाळलं. आपण सोफ्यासाठी जाळतो. आभाळाला कारण विचारायची सवय नसते." मग मी काकांची दवाखान्याची गोष्ट सांगितली. सगळी.

कोणीतरी खोकलं. साहेब हसले. "लुक, बेटा, भाषण छान आहे. तुमच्या वडिलांचं पोट त्याच चिमणीवर भरतं." मग बाबांकडे वळून, "समजवा हो मुलीला. आत्ता, इथेच."

बाबांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. "काय समजावू, साहेब? चिमणी मीच चालवतो. ती बरोबर बोलतेय."

पन्ह्याचे ग्लास भराभर रिकामे झाले. निघताना काकूंनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि ओटीत नेहमीपेक्षा जास्त हरभरे घातले. 

शिफारस गेली नाही. कारण विचारलं तर 'मनुष्यबळ कपात'. कफीलच्या, म्हणजे परवान्याला जामीन राहणाऱ्या मालकाच्या, कचेरीत बाबांच्या पासपोर्टवर कायमच्या परतीचा शिक्का बसला, आणि शिक्का मारणारा म्हणाला, "खलास." बाबा हसून म्हणाले, "खलास." आई त्या रात्री जेवली नाही. मला वाईट वाटलं, बाबांसाठी फार वाटलं. पण ते वाक्य परत घ्यावं असं तेव्हा वाटलं नाही, आणि पुण्यात परत येऊन पुन्हा पत्रकं वाटतेय, तर आजही वाटत नाही. नोकरी माझ्या बोलण्याने गेली असं म्हणणाऱ्यांनी एवढं सांगावं, खरं बोलल्यावर माणसाची नोकरी काढणारा कोण होता?

निघायच्या दिवशी वसाहतीचा व्यवस्थापक घराचा ताबा घ्यायला आला. केरळचा, भला माणूस. बाहेर टॅक्सी उभी होती, जूनचं ऊन मी म्हणत होतं. त्याने किल्ल्या घेतल्या आणि रीतीप्रमाणे सांगितलं, "भाभीजी, एसी चालू रहने दो. नया फॅमिली आएगा."

"कब आएगा?" आईने विचारलं.

"पता नहीं. महीना, दो महीना."

आई परत आत गेली. ओला फडका घेऊन तिने खिडक्यांच्या चौकटी पुसल्या, आणि एकेक खिडकी खिटी लागेपर्यंत घट्ट ओढून घेतली. कपाटांची दारं सताड उघडली. मग स्टूल ओढलं, वर चढली आणि एसीचं बटण फिरवलं. घरघर थांबली. व्यवस्थापक दारातून म्हणाला, "भाभीजी, कंपनी का रूल है."

"मालूम है," आई म्हणाली, आणि पदराने हात पुसत टॅक्सीत जाऊन बसली.