गुलाबाच्या पाकळ्यांसाठी प्रोसेसर

मुरबाडला मी लग्नांचं शूटिंग करायचो तेव्हा आमच्याकडे लग्नाच्या सीडीचे दोनच नियम होते. आहेर देणारा एकही माणूस सुटता कामा नये, आणि नवरा-नवरीवर कॉम्प्युटरमधल्या गुलाबाच्या पाकळ्या पडल्याच पाहिजेत. पाकळ्या नाहीत म्हणजे शूटिंगवाला भिकार! माझा जुना कॉम्प्युटर पाकळ्या म्हटलं की मान टाकायचा. पाकळ्यांसकट फिल्म तयार करणं, म्हणजे रेंडर, अर्ध्यावर आलं की वीज जायची, मग बसा पुन्हा पहिल्यापासून बोंबलत.

त्यातच टोकावड्याच्या आत्याच्या पोरीचं लग्न निघालं. आत्या विधवा. म्हणून जाणत्या मंडळींनी तिला मांडवात येऊच दिलं नाही. हळद लागली, हार पडले, तोवर ही आपली आत भाताच्या टोपाशी. जाणते म्हणे! एकेकाला त्याच टोपात बसवावं असं वाटत होतं मला. मी निघताना आत्या एवढंच म्हणाली, "मना काय दिसला नाय रे. तुज्या सीडीत बगीन. नीट कर."

नीट म्हणजे कशी नीट! मी तडक कल्याण गाठलं. कॉम्प्युटरच्या दुकानदाराने विचारलं, "गेम खेळायला पाहिजे की ऑफिसला?"

म्हटलं, "लग्नाला."

त्याने मधल्या ताकदीचा प्रोसेसर पुढे केला. साध्या एडिटिंगला हा भरपूर झाला, म्हणाला.

"साधं करतंय कोण? दोन लोडशेडिंगच्या मधे पाकळ्या पडून झाल्या पाहिजेत."

त्याने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि कपाटातला सगळ्यात फास्ट काढला. तापतो फार, असंही बजावलं. घरी येऊन मी कॉम्प्युटरचा डबा उघडाच ठेवला नि त्यावर टेबलफॅन सोडला. रेंडर एका दमात पार! आपण काय, हवेतच.

पोरगी पाचपरतावणाला माहेरी आली त्या दिवशी आत्याच्या पडवीत टीव्ही मांडला. जाणते पुढच्या खुर्च्यांवर. सगळे वाहवा करत होते. आत्या मात्र सरकत सरकत पार टीव्हीला टेकली. हार घालायची वेळ आली आणि माझ्या पाकळ्या कोसळल्या धो धो. आत्याने पदराने काच पुसली. परत पुसली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ही फुला काढ ना रे. माजी पोर दिसत नाय."

झाली का पंचाईत! सीडीतली फुलं काढतो कुठून? नशीब, दुसऱ्या लग्नाला जायचं म्हणून कॅमेरा बरोबर होता आणि बॅगेत मूळ कॅसेटही होती. कॅमेऱ्याची वायर सरळ टीव्हीत खुपसली. ना पाकळ्या, ना प्रोसेसर. जाणते कुरकुरले, "आमचा आहेर कवा दिसनार?" आणि चहाला उठले. उठेनात का मेले!

आत्या पडद्यावरचं पोरीचं तोंड बघत राहिली.

"काजल पसरलाय गो तुजा. रडत व्हतीस?"

शेजारी बसलेली पोर म्हणाली, "तू आत व्हतीस ना."