शेंदराखालचं बोट

मी मुरबाडला झेरॉक्सचं दुकान चालवतो. भुताखेतांच्या गोष्टी ऐकून हसणाऱ्यांपैकी मी. त्यामुळे हे लिहिताना थोडी लाजच वाटतेय.

मूर्तीमागच्या गुप्त खुणांवरचा एक सिनेमा आला होता... बंदी घाला म्हणून बराच आरडाओरडा झाला, म्हणूनच मी कल्याणला जाऊन पाहिला. डोक्यात किडा शिरला. धसईजवळच्या आमच्या पाड्याबाहेर गावदेवीचा दगड आहे. त्यावर तीन बोटं जाड शेंदूर. बाबा सांगायचे, त्यांच्या लहानपणीही तो एवढाच होता. खाली काहीतरी कोरलेलं असणार, असं मला वाटायला लागलं.

आई दर मंगळवारी तिथे शेंदराचं एक बोट लावते, माझ्या धाकट्या भावासाठी नवस म्हणून. सदू चार वर्षांपूर्वी वीटभट्टीवर गेला तो परतलाच नाही. आम्ही शोधून थकलो. मी तर आईला स्पष्ट सांगितलं होतं, आता वाट बघू नकोस. त्यानंतर घरात त्याचं नाव मी कधी काढलं नाही.

रविवारी दुपारी विळ्याच्या टोकाने शेंदराची कड उचकटायला गेलो. देव आपणहून शेंदराचं कवच टाकतो तेव्हाच ते काढायचं, ही आमच्याकडची रीत. मी शहाणा ना... अख्खा पोपडा सुटून पायाशी पडला. आईचा नवस मोडला, एवढंच मनात आलं.

कोरलेलं काहीच नव्हतं. उघड्या दगडाला चिकटलेला सगळ्यात जुना, फिकट थर तेवढा होता, आणि त्यात बोटांचे ठसे. प्रत्येक ठशाचं टोक डावीकडून तिरकं तुटलेलं. आईचं बोट तीन वर्षांपूर्वी भात कापताना विळ्याने असंच तुटलंय.

आईला बोलावून आणलं. शिव्या खायची तयारी होती. तिने थेट एका ठशावर आपलं बोट टेकवलं. तंतोतंत बसलं.

"माज्या आदी पन कोनीतरी वाट बगत व्हती रे," ती म्हणाली.

ती दुसरी कोणी बाई असेल, तिचंही बोट तसंच तुटलं असेल... असं मी स्वतःला समजावतो. पटत मात्र नाही. तो ठसा कुणाचा, मला आजही सांगता येत नाही.

मंगळवारी आईने शेंदराची वाटी माझ्यापुढे केली. "तू पन लाव. नाव घेऊन लाव."

मी बोट बुडवलं. म्हटलं — सदू.