सूनमुखाच्या रुपयाला आंघोळ

हसायचं असेल तर खुशाल हसा, मी रागावणार नाही. पण माझ्याइतका गाढवपणा वसई-विरारमध्ये दुसऱ्या कुणी केला असेल, तर त्याला माझ्याकडे पाठवा. दोघं मिळून रडू.

तर, आमचे बाबा. वय चौऱ्याऐंशी. नायगावला खाडीकडे आमचं घर होतं, भातशेती होती. आई गेली आणि पुढच्याच वर्षी ती जागा टॉवरला गेली. तेव्हापासून बाबा आमच्याकडे, एव्हरशाईन सिटीत, तिसऱ्या मजल्यावर. डोळ्यांना आता उजेड आणि अंधार, एवढंच कळतं. दिवसभर गॅलरीत बसतात आणि बंडीच्या खिशातला राणीछाप चांदीचा रुपया काढून अंगठ्यानं चोळत राहतात. बाकी काही मागणं नाही त्यांचं. चहासुद्धा आम्हीच आठवणीनं द्यायचा.

आता सांगा, अशा माणसाच्या रुपयाला हात लावायची मला गरज होती का? अजिबात नव्हती! पण मी नुकताच रिटायर झालेलो. सकाळी वेळ, दुपारी वेळ, संध्याकाळी तर विचारू नका. मोबाईलवर एक गृहस्थ जुनी नाणी खरी की खोटी ते शिकवतात. त्यांचे व्हिडिओ बघून बघून आठ दिवसांत मी तयार झालो. इतका तयार, की सोसायटीच्या वॉचमनच्या अंगठीवरही मत देऊन आलो.

एका रविवारी बाबा आंघोळीला गेले आणि मी बंडीतून रुपया काढला. काळा कुळकुळीत! राणीचं तोंड कुठं, अक्षरं कुठं, काही पत्ता नाही. सगळीकडे तपकिरी-काळं लिंपण बसलेलं.

पहिली परीक्षा आवाजाची. फरशीवर टाकला. खरी चांदी खणखणीत वाजते म्हणे. आमचा रुपया 'बद्द' वाजला. लाकडाची चकती पडावी तसा.

दुसरी परीक्षा बर्फाची. चांदीवर बर्फ भराभर वितळायला हवा. आमचा बर्फ निवांत बसून राहिला.

तिसरी वजनाची. पावणेबारा ग्रॅमच्या आत हवा, बायकोच्या किचनमधल्या काट्यानं साडेबारा दाखवले. म्हणजे नक्की आत शिसं! फ्रिजवरचं लोहचुंबक मात्र चिकटलं नाही. पण शिशालाही ते चिकटत नाहीच की! बघा, कसा बिनतोड तपास!

तरी गप्प बसावं ना माणसानं? पण नाही. 'आपली माणसं' नावाचा आमचा नातेवाइकांचा ग्रुप आहे. त्यावर मी रुपयाचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "सखेद कळवतो की बाबांकडचा रुपया तपासाअंती खोटा निघाला आहे."

आता हा रुपया आला कुठून, ते तुम्हाला सांगायला हवं. आई लग्न होऊन घरात आली तेव्हा आजोबांनी सूनमुख बघितलं, म्हणजे नव्या सुनेचं तोंड पहिल्यांदा बघून तिच्या हातावर काहीतरी ठेवायचं, तेव्हा ठेवलेला हा रुपया. मी हे विसरलो होतो. मामा विसरले नव्हते.

दहा मिनिटांत ग्रुपवर मामांचा व्हॉइस मेसेज आला. वय ऐंशी, पण आवाज असा की फोन कानापासून लांब धरावा लागतो. "माजे बहिनीला खोटा रुपया देऊन घरान घेतली कं? पन्नास मानसांसमोर आमची फसवनूक? तुजा आजा आज असता तर त्याला इचारला असता!"

मग आमच्या काकांची मुलं मामांवर तुटून पडली. मग मामांची मुलं काकांच्या मुलांवर. कुणाच्या लग्नात कुणाला वरण पातळ वाढलं होतं, तिथपर्यंत गाडी गेली. तीन जण ग्रुप सोडून गेले. आणि हे सगळं कुणी केलं? मी!

बाबांना फोनवरच्या आरडाओरड्यातून सगळं कळलं. ते एवढंच म्हणाले, "माजा रुपया मना परत दे." मी म्हटलं, "बाबा, एकदा सराफाला दाखवतो, मग देतो." त्या दिवशी ते जेवले नाहीत. मला वाटलं, रुपया खोटा निघाला म्हणून नाराज आहेत.

दुसऱ्या दिवशी वसई गावातल्या एका जुन्या सराफांकडे गेलो. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, रुपयाची कडा नखानं खरवडली आणि तीस सेकंदांत सांगितलं, "खरा आहे."

"अहो, पण बद्द वाजतो!"

"वाजणारच. एवढं लिंपण आहे त्याच्यावर. मेण आहे हे. वजनही त्याचंच. काका, एक सांगू? धुऊ नका. जुनं नाणं आहे तसं ठेवावं."

ऐकलं मी. या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं. कारण मला आजोबांची अब्रू परत मिळवायची होती, आणि काळ्या रुपयाचा फोटो बघून मामा ऐकणार होते थोडेच! मला चकचकीत राणी हवी होती.

घरी आलो. पातेल्यात अॅल्युमिनियमचा कागद अंथरला, खायचा सोडा टाकला, वर उकळतं पाणी ओतलं आणि रुपया आत सोडला. पाणी लाल झालं! लालभडक! गंज! म्हणजे आत लोखंड! लोहचुंबक चिकटलं नव्हतं, हे मी विसरलोच! सराफही फसला! मी घाबरून रुपया बाहेर काढला आणि टूथब्रशनं, चिंचेनं, दंतमंजनानं, जे हाताला लागेल त्यानं घासत सुटलो. आणि काय सांगू, आतून चांदी निघाली! राणी निघाली, मुकुट निघाला. फरशीवर टाकला तर असा खणखणला की बाहेरून सुनंदा, म्हणजे माझी बायको, धावत आली.

ती रुपयाकडे बघेचना. ती पातेल्यातल्या पाण्याकडे बघत होती. "अहो, हे काय केलंत? हे सासूबाईंचं कुंकू आहे."

"कुंकू?"

"रोज सकाळी कपाळाला मेण लावायच्या, रुपया कुंकवात दाबायच्या आणि कपाळावर टेकवायच्या. अख्खं गाव म्हणायचं, रुपयाएवढं कुंकू, रुपयाएवढं कुंकू. तुम्हाला काय वाटलं, नुसती बोलायची पद्धत?"

मला तसंच वाटलं होतं. आईचं कपाळ मी रोज बघितलं, पण कुंकू लावताना एकदाही बघितलं नाही. सकाळी ती दाराआड आरशापुढे असायची आणि मी बाहेरून ओरडायचो, "आई, डबा!" तिच्या अख्ख्या संसाराचं कुंकू आणि मेण त्या राणीच्या तोंडावर साचलं होतं. ते मी अर्ध्या तासात धुऊन टाकलं.

ग्रुपवर चकचकीत राणीचा फोटो मात्र मी सुनंदा यायच्या आधीच टाकला होता. आनंदीआनंद! सोडून गेलेले तिघं परत आले. मामांनी हात जोडल्याची सहा चित्रं पाठवली आणि म्हणाले, "खरा हाय! माजे बहिनीचा मान रायला!" सगळे खूश. एक माणूस सोडून.

बाबांच्या हातावर रुपया ठेवला. त्यांनी अंगठा फिरवला. थांबले. परत फिरवला. मग नाकाशी नेला.

"यो कोनाचा?"

"तुमचाच, बाबा."

"नाय. माजा दे."

"बाबा, हाच तो. खरा आहे, सराफांनी सांगितलं."

त्यांनी तो खुर्चीच्या दांड्यावर वाजवून बघितला आणि मान हलवली. मग अगदी हळू, मला वाईट वाटू नये म्हणून, म्हणाले, "सराफानं बदलून दिला रं तुला. जाऊ दे. तू पयल्यापासून साधा. तुला कोन पन फसवते."

आणि मी? मी गप्प बसलो हो! त्या बिचाऱ्या सराफावर चोरीचा आळ येऊ दिला, पण 'मी धुतला' हे दोन शब्द तोंडातून निघाले नाहीत. बाप माझी समजूत घालत होता आणि मी ती घालून घेत होतो. असा मी.

तिसऱ्या दिवशी बाबांनी स्वतःच टोपी घातली आणि म्हणाले, "चल, मना त्या सराफाकडे ने." सुनंदानं माझ्याकडे बघितलं. मी रिक्षा बोलावली. रिक्षात बसल्यावर सांगेन, असं ठरवलं होतं. वसई गाव आलं तरी सांगितलं नाही.

दुकानात चार गिऱ्हाइकं. बाबा काउंटरला हात लावून उभे राहिले आणि म्हणाले, "शेट, मी भांडायला नाय आलो. तुमचा रुपया घ्या, माजा काला रुपया मना द्या. माजे बायकोचा हाय."

सराफांनी रुपया उचलला, उलटा-सुलटा केला आणि माझ्याकडे बघितलं. "धुतलात ना?"

काय करता! "हो," मी म्हटलं. "बाबा, मी धुतला. सराफांनी नको सांगितलं होतं."

बाबांनी सराफांनाच विचारलं, "धुतलेला परत येते कं?"

सराफांनी मान हलवली. बाबांना ती दिसली नाही, म्हणून त्यांना तोंडानं सांगावं लागलं, "नाही, काका."

बाबांनी रुपया हातात घेतला, माझा हात चाचपून शोधला आणि रुपया माझ्या तळहातावर ठेवला. "ठेव तुजेकडे. तुला खरा पायजे होता ना?"

ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडले नाहीत. परत येताना रिक्षात त्यांनी मला विचारलं, जेवायची वेळ झाली का. मी म्हटलं, झाली. एवढंच बोलणं झालं.

आता ग्रुपवर मी नाण्यांतला मोठा जाणकार आहे. परवाच मामांच्या सुनेनं देव्हाऱ्यातल्या रुपयाचा फोटो पाठवला. 'दादा, काळा पडलाय. कसा धुऊ?'

मी ताबडतोब लिहिलं, 'हात लावू नकोस. आधी मामांना विचार, हा काळेपणा कशाचा आहे.'

तिचं उत्तर आलं, 'तुम्ही बाबांना विचारलं होतं का?'

मी ते वाचलं, हे तिला तिकडे दिसतंय. उत्तर अजून दिलेलं नाही.