रिकामं पोतं

लक्ष्मणतात्या गुरव सनई वाजवत ते भिंतीकडे तोंड करून. भोरला देवळाच्या दरवाजावर नगारखाना होता. तिथं पहाटे आणि दिवेलागणीला तात्या बसत, धाकटा भाऊ शेजारी बसून एकच सूर धरून ठेवी, आणि रस्त्यानं जाणाऱ्याला दिसायची ती फक्त तात्यांची पाठ आणि सदऱ्याच्या खांद्यावरचं ठिगळ. सारं गाव त्यांच्या पूरिया रागावर दिवे लावायचं. पण तो वाजवताना त्यांचं तोंड कसं दिसतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी एकदा वर चढून कारण विचारलं. तेव्हा मी नुकताच मॅट्रिक झालो होतो. हाती येईल ते पत्रक वाचायचं आणि समोर येईल त्याच्याशी भांडायचं, हा माझा उद्योग होता.

"तोंड रस्त्याकडं केलं तर काय होईल, तात्या?"

"थुका आटंल," ते म्हणाले. "मालक, सनई छातीची न्हाई, थुक्याची हाय. ही ताडाची पात तोंडात भिजती तवर बोलती. मानसांचं डोळं अंगावर आलं की माजं तोंड वाळतं. मंग पात मुकी."

"मला मालक म्हणू नका."

"बरं, मालक."

हे त्यांनी हसत सांगितलं, पण पुढचं सांगताना हसले नाहीत. तरुणपणी उत्रोलीच्या एका लग्नात त्यांना पाहुण्यांच्या अगदी समोर बसवलं होतं. वऱ्हाडातली पोरं त्यांच्या फुगलेल्या गालांकडे बघून हसली. मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या आणि सनईतून नुसता वारा आला. मुलीच्या बापानं सगळ्यांदेखत अपशकुनी म्हटलं. "त्यापरीस भित बरी," तात्या म्हणाले. "भित बगत न्हाई."

मला राग आला तो भिंतीचा नाही, उंबऱ्याचा. ज्याच्या सुरावाचून आमच्या घरातलं एक लग्न लागत नाही, त्याला आम्ही उंबऱ्याच्या आत बसवत नाही, आणि तरी स्वतःला रसिक म्हणवतो. मी या मजकुराचं पत्रक काढलं आणि ते घेऊन वाचनालयाच्या चिटणिसांकडे गेलो. ते वकील होते. वाचनालयाच्या गणेशोत्सवात दरवर्षी दिवाणखान्यात गाणं होई. गवई पुण्याहून येई, गादीवर बसे. यंदा त्या गादीवर तात्यांची सनई व्हावी, अशी माझी मागणी होती.

वकिलांनी पत्रक पूर्ण वाचलं. "सनई दाराशीच शोभते," ते म्हणाले. "पण तू गप्प बसणार नाहीस. एकदा बसवू. मात्र फसलं, तर पुन्हा कुणा वाजंत्र्याचं नाव या दिवाणखान्यात काढायचं नाही. कबूल?"

मी कबूल म्हणालो. पायऱ्या उतरताना कळलं, की मी कबूल म्हणालो ते दुसऱ्याच्या तोंडातल्या ओलाव्याच्या भरवशावर.

तात्यांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ पात पुसत राहिले. पुसायला तिच्यावर काहीच नव्हतं. "न्हाई म्हनलो तर?" त्यांनी विचारलं.

"तर वकील म्हणतील, बघा, यांनाच नको होतं."

"आन बसलो आन मुकं झालं तर?"

मी हातातल्या पत्रकाची घडी घालत, उलगडत राहिलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुमाला बी भ्या वाटतंय की. मंग बसतो. दोगं असलं की बरं."

गणपतीला अजून महिना होता. मला वाटलं, आता ते रियाज वाढवतील. तो त्यांनी मुळीच वाढवला नाही. "बोटांना काय धाड भरलीया? बोटं भीत न्हाईत," ते म्हणत. आठवड्याच्या बाजारादिवशी ते एक पोतं घेऊन बाजारात गेले, वेल्ह्याकडच्या बायका रानभाज्या घेऊन बसतात त्या रांगेत पोतं अंथरलं, आणि लोकांकडे तोंड करून बसले. पुढ्यात काही नाही. सनईसुद्धा नाही. फक्त ओठांत ती ताडाची पात.

शेजारी पार्वताबाई कुर्डूची भाजी विकत होती. तिनं दोन-तीनदा वाकून पोत्याकडे पाहिलं.

"काय ईकता, तात्या?"

तात्यांनी मान हलवली.

"दातात काडी धरून बसलाय, जनू बैल रवंथ करतोय. गिऱ्हाईक भिऊन पळतंय माजं."

लोक थांबत, बघत, कुजबुजत. कुणी म्हणालं, तात्यांचं डोकं फिरलं. मी समोर उभा होतो. तात्यांच्या कपाळावर घाम होता, हात मांडीखाली दाबलेले होते. थोड्या वेळानं त्यांनी पात काढून मला दाखवली. ती कोरडी ठणठणीत होती.

पुढच्या बाजारीही ती कोरडीच निघाली. त्याच्या पुढच्या बाजारी पाऊस लागला होता, बाजार विरळ होता, तरी ते बसले. पार्वताबाईनं आपली अर्धी घोंगडी त्यांच्या डोक्यावर ओढली आणि म्हणाली, "रिकामं पोतं भिजू देऊ नका. मोलाचा माल हाय त्यो." तात्या खुदकन हसले. मग पात काढून बघतच राहिले. ती ओली होती. पावसानं नव्हे, आतून.

"भ्या गेलं?" मी विचारलं.

"न्हाई. शेजारी बसलंय. पोतं मोठं हाय."

गणेशोत्सवातल्या त्या संध्याकाळी दिवाणखाना भरला होता. तात्या धुतलेल्या सदऱ्यात गादीच्या अगदी कडेला टेकले, जणू कुणी ऊठ म्हणेल. वकील समोर लोडाला टेकून बसले होते. भावानं सूर धरला. तात्यांनी सनई ओठांना लावली, गाल फुगले, आणि नुसता वारा आला.

पुन्हा फुंकलं. वारा. मागं कुणीतरी हसलं, आणि मला उत्रोलीची ती पोरं हसल्यासारखं वाटलं. भावाचा एकच सूर चालू होता. तो थांबला तर सगळंच संपणार होतं. वकिलांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत खुनशीपणा नव्हता, कीव होती, आणि ती मला जास्त झोंबली. माझ्या तोंडात जीभ टाळूला चिकटली होती.

तात्यांनी सनई खाली घेतली. पात ओठांतच ठेवली. मग मान वर करून ते एकेका माणसाकडे बघू लागले, बाजारात बघत तसे. पहिली रांग, दुसरी रांग, दार. दारात पायरीवर पार्वताबाई उभी होती. गणपतीच्या दुर्वा पोचवायला आली होती आणि गर्दी बघून थांबली होती. आत यायची तिचीही प्राज्ञा नव्हती. तिनं तात्यांची ती वाळलेली मुद्रा ओळखली.

"तात्या," ती पायरीवरूनच म्हणाली, "आज तरी काय आनलंय का ईकायला, का आजबी रिकामंच पोतं?"

दिवाणखान्याला काही कळलं नाही. वकील वळून बघू लागले. तात्यांचे खांदे हलले. ते हसत होते. हसता हसताच त्यांनी सनई उचलली, आणि पहिला सूर आला तो थरथरत आला. त्यांनी ती थरथर लपवली नाही. सूर तसाच धरून ठेवला, हळूहळू स्थिर केला, आणि त्यातून पूरिया असा उघडला की बाहेर अंधार कधी झाला ते कुणाला समजलं नाही. पुढल्या वर्षी त्या गादीवर एका संबळवाल्याला बसवलं, तेव्हा वकील पहिल्या रांगेत होते.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी देवळावरून गेलो. नगारखान्यात तात्या रस्त्याकडे तोंड करून बसले होते. गाल टम्म फुगलेले, डोळे उघडे.

दोन पावसाळ्यांनी तात्या तापानं गेले. त्यांचं पोतं भावानं मला दिलं. मी मागितलं होतं.

पुढं सारोळ्याला पुलापाशी सरकारविरुद्ध सभा ठरली. पत्रकं लिहिणारा मी तिथं पहिल्यांदाच उभं राहून बोलणार होतो, आणि पोलीस येणार ही बातमी आधीच आली होती. सभेआधीच्या बाजारी मी पोतं घेऊन त्या रांगेत जाऊन बसलो. तोंडाला कोरड पडली होती.

"काय ईकता?" पार्वताबाईनं विचारलं.

"काही नाही."

तिनं पोत्याकडे पाहिलं आणि आपली पाटी जरा सरकवली. मग माझ्याकडे निरखून पाहिलं. मी माझ्याही नकळत मागच्या भिंतीकडे वळून बसलो होतो.

"तोंड हिकडं करा," ती म्हणाली. "गिऱ्हाइकाला पाठ दावू न्हाई."